कोयत्याच्या खुणा

मोठ्या बाई कुठल्याही अजबखान्यात शिरल्या की आधी दारात चपला काढत. मग उजवा हात पदराबाहेर काढून, दगडी मूर्ती जिकडे ठेवल्या असतील तिकडे सरळ चालू लागत. मूर्ती बहुतेक भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या असायच्या. बाई मूर्तीला गाल लावत आणि मूर्ती व भिंत यांच्यामधल्या फटीत खांद्यापर्यंत हात घालून चाचपत. लांबून बघणाऱ्याला वाटे, ही बाई दगडाला मिठी मारून रडते आहे. पहारेकरी धावत येई. तोवर बाईंचा हात बाहेर आलेला असे. त्यावरची कोळिष्टकं झटकत त्या म्हणत, "ही न्हवं," आणि पुढच्या मूर्तीकडे वळत.

मी त्यांच्या शाळेत दुय्यम शिक्षिका होते. कोल्हापुरातली मुलींची शाळा, कैलासवासी महाराजांच्या अमदानीतली. महाराजांना शाळांचा नाद. ज्या मुली पुढं मास्तरणी व्हायच्या त्यांनी चार गावच्या शाळा डोळ्यांनी बघाव्यात असा दरबारचा हुकूम होता, त्यामुळे दरसाल वरच्या वर्गाची सहल निघे. पुढं मोठ्या बाई, मध्ये मुली, मागं मी. सामान, मुलींची मोजदाद, दशम्या, तिकिटं हे माझ्याकडे. कंदील, दोरी, दोन तांबे, सुईदोरा, सुंठ, लसणाची चटणी वेगळ्या फडक्यात, असं सगळं मी लिहून ठेवी आणि निघताना एकेक खूण करी. ती सवय अजून गेलेली नाही. आज माझ्या घरात भाजीवाल्याला दोन वस्तू सांगायच्या तरी यादी होते आणि सुना हसतात.

त्या यादीत एक नारळ असायचा, त्याच्यावरून आमची दरवर्षी कुरबुर होई. नारळ जड, ट्रंकेत गडगडतो, कपड्यांना शेंडीचा केर लागतो. मी म्हणे, लागेल तिथं विकत घेऊ. बाई म्हणत, "लागंल तिथं दुकान असंल कशावरनं?" मग नारळ येई. त्याच्याबरोबर तांदळाची पुरचुंडी, हळकुंड, सुपारी, कुंकवाचा लाकडी करंडा आणि एक हिरवा खण. सहलीहून परत आलो की नारळ शाळेच्या शिपायाला मिळे आणि खण व करंडा पुन्हा बाईंच्या ट्रंकेत तळाशी जात.

हे कशासाठी ते शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी ते कधी झाकून ठेवलं नाही. रेल्वेच्या डब्यात समोर कुणी अनोळखी बाई येऊन बसली की मिरज यायच्या आत तिलाही ते कळलेलं असे. शाळेत बाई पुस्तकी बोलत आणि दाराबाहेर पाऊल पडलं की गावाकडचं. डब्यातलं बोलणं असं चाले:

"माजं सासर चंदगडाकडं. तिकडचा पाऊस तुमी बघितला न्हाई. मी बारीक पोर, नुकती नांदायला गेलती. मालकास्नी पटकी झाली. गावात दोघं-तिघं गेलंवतं. मी देवीम्होरं बोलले, ह्यास्नी उठीव, खणानारळानं तुजी वटी भरीन. उठलं की ते. पेज प्याले, सोप्यात येऊन बसले. मी निघाले देवीकडं, तर सासू म्हणाली, वढ्याला पाणी हाय, पाऊस उघडू दे. पाऊस काय उघडंना. उघडला तवर ते गेलं. दुसऱ्याच तापानं गेलं. आता तुमीच सांगा पावणं, वटी माज्याकडं राहिली का न्हाई?"

समोरची बाई म्हणे, "मग दुसरी सवाष्ण धाडायची. तिच्या हातून भरली की झालं."

"बोलले मी. पेज प्यालं माज्या घरचं माणूस. आणि फेडायला शेजारीण?"

विधवेनं देवीची ओटी भरायची नाही, ही गोष्ट तिलाही माहीत असे आणि बाईंनाही. मग बाई पुढचं सांगत. दुसऱ्या साली वादळात देवळीवर फांदी पडली आणि देवीचा डावा हात खांद्यापासून तुटला. खंडित मूर्ती पुजायची नाही, म्हणून गावानं नवी घडवून बसवली. जुनी डोहात सोडायची ठरली होती. तेवढ्यात मोजणीला आलेल्या कुणा साहेबानं ती मागून घेतली आणि गाडीवर घालून नेली. कुठं नेली ते त्याला कुणी विचारलं नाही.

"नवी देवी हाय की तिथं," एकदा एक म्हातारी म्हणाली.

"तिला मी वळखत न्हाई," बाई म्हणाल्या. "मी जिला बोलले ती येगळी. तिच्या पाठीवर आमच्या गावचे लोक कोयत्याला धार लावायचे. भात कापायच्या आदी देवीच्या पाठीला कोयता घासायचा, मग शेतात जायचं. लई वर्सं घासून घासून चरे पडलेत. बोट बसंल एवढे. हात तुटलेल्या देव्या रग्गड असतील, पाठीला चरे असलेली ती एकच."

म्हणून तो फटीतला हात.

मुलींना हे सगळं तोंडपाठ होतं. पहारेकरी आडवा आला तर दोघीतिघी पुढं होऊन त्याला प्रश्न विचारत राहत, आणि तोवर मागं बाईंचं काम उरके. मुंबईला राणीच्या बागेतल्या अजबखान्यात एक पहारेकरी या फंदात पडला नाही. तो थेट येऊन म्हणाला, "ओ बाई, चोरी करताय काय?"

बाई मूर्तीला गाल लावूनच म्हणाल्या, "ही खांद्यावर घालून पळाले तर मला चोर म्हणू नगंस, पैलवान म्हण."

तोही हसला. मूर्ती मात्र ती नव्हती.

पाठ बघायची ही खोड त्यांच्या सगळ्या वागण्यात उतरली होती. राजवाडा दाखवायला नेलं तर आधी पागेच्या बाजूनं. छापखान्यात नेलं तर खिळे जुळवणाऱ्याच्या पाठीमागं उभं करायचं. कुठलीही इमारत असो, बाई वळसा घालून मागं जात आणि मुलींना हाक मारत, "फुडनं समदी बघत्यात. हिकडं या." परत आल्यावर निबंध लिहायचा तोही मागच्या बाजूवर. मुली आपसांत म्हणत, मोठ्या बाई स्वर्गात गेल्या तर आधी मागचं दार कुठं आहे ते विचारतील. हे एकदा त्यांच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "फुडच्या दारानं मला कोण घेतंय?"

शाळा बघायची त्यांची रीत आणखी वेगळी. कुरुंदवाडच्या वाटेवर एका गावी आम्ही शाळा बघायला गेलो. शाळेचे पंच आले होते. मुलींनी स्वागताचं पद म्हटलं, नकाशे दाखवले, एका मुलीनं नद्यांची नावं घडाघडा सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाणी मिळंल का?"

एका पंचानं घाईघाईनं आपल्या घरून तांब्या मागवला.

"तुमच्या घरचं नगं. ह्या पोरी पित्यात ते द्या."

वर्गाच्या कोपऱ्यात एक माठ होता, त्यावर घासलेलं झाकण. बाईंनी तो बघितला आणि सवयीप्रमाणे वळसा घालून शाळेच्या मागं गेल्या. मागच्या भिंतीला, उन्हात, दुसरा माठ होता. तो कुणासाठी ते सांगायची गरज नव्हती. दोन मुली पायरीच्याही खाली, लांब बसल्या होत्या. बाईंनी त्यांतल्या एकीकडं ओंजळ केली. ती मुलगी घाबरून पंचांकडे बघू लागली. बाई ओंजळ तशीच धरून वाकून उभ्या राहिल्या. शेवटी तिनं वरून पाणी ओतलं. बाई ते प्याल्या, तोंड पुसलं आणि पंचांना म्हणाल्या, "ह्यातलं गरम हाय. आत सावलीला ठेवा."

आम्हाला जेवण द्यायचं ठरलं होतं ते त्या दिवशी मिळालं नाही. दशम्या मी जास्तीच्या बांधल्या होत्या, म्हणून निभावलं.

अशा बाई. छत्री घेऊन, चपला घालून भर बाजारातून चालत. बायकांनी छत्री वापरायची तेव्हा रीत नव्हती. कुणी मागून काही बोललं की बाई थांबत, छत्री त्याच्याच हातात देत आणि म्हणत, "धर जरा, हात दुखला." मग त्याच्याशी बोलत बोलत चालू लागत. तो बापडा चार दुकानं ओलांडेपर्यंत बाईंच्या डोक्यावर छत्री धरून चाले. त्यांना कशाची भीती वाटत असेल असं मला कधी वाटलं नाही.

त्या राहत तिथली गोष्टही सांगायला हवी. शाळेच्या मागच्या गल्लीत एका घराच्या दोन खोल्यांत बाई भाड्यानं होत्या. घरमालकीण काकी. काकी मनानं वाईट नव्हत्या, पण रीतीच्या पक्क्या. चैत्रात हळदीकुंकू असलं की बाईंच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेत. घरातलं कुणी गावाला निघालं की बाई समोर येऊ नयेत म्हणून आधी गल्लीत डोकावून बघत. बाईंना हे माहीत होतं. सहलीला निघताना त्या स्वतःच अंगणातून ओरडत, "काकी, मी निघाले हो. तुमची माणसं आत घ्या."

आतून काकी ओरडत, "घेतली. जावा तुमी."

एवढं झालं की काकी दार किलकिलं करून मला खुणेनं बोलावत आणि मुलींसाठी लाह्यांची पिशवी हातात देत. बाईंच्या हातात दिलेली मी कधी बघितली नाही.

कोल्हापुरात राहून बाई अंबाबाईच्या देवळात गेल्या नाहीत, हेही लोकांना खटके. दर्शनाला विधवेला आडकाठी नव्हती. मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "रिकाम्या हातानं मी सासरी गेले न्हाई. देवीकडं कशी जाऊ?"

शेवटची सहल पुण्याची. मिरजेला गाडी बदलून, रात्र बाकांवर काढून आम्ही पोचलो. दोन शाळा बघितल्या, पर्वती चढलो. बाई पायथ्याशी बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी एक संग्रहालय होतं. आत भाताच्या जातींचे नमुने, हत्यारं, मातीची फळं, एक भुसा भरलेला बिबळ्या. दगडी मूर्ती फार नव्हत्या. बाईंनी होत्या तेवढ्या चाचपल्या आणि सवयीनं पहारेकऱ्याला विचारलं, "मागं काय हाय?"

पहारेकरी पलटणीतून पेन्शन घेतलेला म्हातारा होता. "मागं काही नाही, बाई. फुटके धोंडे आहेत पडवीत. नंबर घालायचे राहिलेत."

बाई पडवीकडे निघाल्या. मागच्या पडवीत वीरगळ, सतीचे दगड, नंदीचं एक मुंडकं असं सगळं ओळीनं भिंतीला लावून ठेवलं होतं. कोपऱ्यात कमरेएवढी देवी होती. डावा हात खांद्यापासून नव्हता. नाक झिजलेलं, डोळे मोठे. बाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. गाल टेकवला आणि हात मागं घातला.

दर वेळी हात जितका वेळ आत राही त्याहून जास्त वेळ तो आत राहिला. मुली बोलायच्या थांबल्या. मी मोजदाद करत होते, तीही थांबली. बाईंचे डोळे मिटलेले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढला. बोटांच्या टोकांना राखाडी धूळ होती. ती त्यांनी झटकली नाही.

"ट्रंक उघड," त्या मला म्हणाल्या.

पहारेकरी जवळ आला. "काय झालं, बाई?"

एका मुलीनं त्याला सगळं सांगितलं. पाठ असल्यामुळे तिनं ते भराभर सांगितलं, चंदगड, पटकी, ओढा, फांदी, कोयते. म्हातारा ऐकत राहिला. मग तो पडवीच्या तोंडाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "मला काही दिसत नाही. तुम्ही सावकाश करा. दिवा वगैरे लावू नका एवढंच."

मी देवीसमोर फडकं अंथरलं. सामान ओळीनं मांडलं. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ. करंडा बाईंच्या हातात दिला. बाई गुडघ्यावर बसल्या. देवीचं तोंड आणि त्यांचं तोंड एका उंचीला आलं. त्यांनी करंड्याचं झाकण काढलं, कुंकवात बोट बुडवायला हात नेला आणि तो वरच्यावर राहिला.

मला वाटलं, त्या काही तरी पुटपुटत असतील. नवस फेडताना लोक बोलतात तसं. पण ओठ हलत नव्हते. भर गावात पंचांसमोर ओंजळ धरणारा हात तिथंच अडला होता. करंड्यातलं कुंकू थोडं कडेवर सांडलं. बोट खाली जाईना.

"बाई," मी म्हणाले.

"जमंना गं मला," त्या म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा होता. "आई रागवंल असं वाटतंय."

आई म्हणजे देवी, की त्यांची आई, की सासू, ते मी विचारलं नाही. मी वाकून म्हणाले, "मी भरू का तुमच्या वतीनं?" तेव्हा माझं कपाळ भरलेलं होतं, हातात बांगड्या होत्या, मला कुणाची हरकत नव्हती.

"नगं. तू कुटं बोलली होतीस?"

त्यांनी करंडा बंद केला. पदराचं टोक घेऊन देवीचं तोंड पुसलं, गळा पुसला, तुटलेल्या खांद्यावरची कोळिष्टकं काढली. लहान पोराला पुसतात तसं कानामागंही पुसलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "आवरा. गाडीची येळ झाली."

मी सगळं पुन्हा बांधलं. पहारेकऱ्यानं वळून फडक्याकडे आणि देवीकडे बघितलं. दारात बाई चपला घालायच्या विसरल्या. त्या मी उचलून घेतल्या.

परतीच्या गाडीत समोर एक गावाकडची बाई बसली होती. तिनं आपणहून विचारलं, "कुठं गेल्तासा?" बाई म्हणाल्या, "शाळा बघायला." पुढच्या मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्याकडून नारळ मागून घेतला, खाली उतरून फलाटाच्या दगडावर फोडला आणि मुलींना तुकडे वाटले. मुली तो हातात धरून बसल्या. कुणी खाईना.

"खावा की," बाई म्हणाल्या. "पेशवाईचा न्हाई, ताजा हाय."

मुलींनी खाल्ला. आम्हाला त्यांनी एवढंच हसायला लावलं, आणि स्वतः खिडकीकडे तोंड केलं.

त्यानंतर बाई सहलीला आल्या नाहीत. "आता तू नेत जा," म्हणाल्या. मी नेऊ लागले. माझ्या सहली वेळेवर निघत, वेळेवर परत येत. कुणी आजारी पडलं नाही, काही हरवलं नाही. त्या मुली आता कुठं कुठं मास्तरणी आहेत, भेटतात, मोठ्या बाईंबरोबरच्या सहलींचं सांगतात. माझ्याबरोबर गेलेल्या एकीलाही आपण काय बघितलं ते आठवत नाही.

बाई शाळेत येत, शिकवत. छत्री मात्र कोपऱ्यात उभी राहिली. उन्हात पदर ओढून चालत. बाजारात मागून कुणी काही बोललं तर न ऐकल्यासारखं करत. काकी मला एकदा म्हणाल्या, "तुमच्या बाईस्नी काय झालंय? हल्ली सांगत न्हाईत, माणसं आत घ्या म्हणून. परवा ह्यांच्या समोरनंच निघून गेल्या." मला वाटलं काकी रागावल्यात. पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

जर्मनीबरोबरची मोठी लढाई संपली त्या साली तापाची साथ आली. शाळा बंद झाल्या. घराघरातून माणसं जात होती आणि न्यायला चौघं मिळायची मारामार. बाई दुसऱ्यांच्या घरी पेज पोचवत फिरल्या आणि शेवटी त्याच तापानं पडल्या. मी सकाळ-संध्याकाळ जाई. काकी दारात उभ्या राहून विचारत, आत येत नसत. पण पेज त्यांच्याच चुलीवरची असे.

जायच्या आदल्या दिवशी बाईंना जरा उतार होता. त्या म्हणाल्या, "त्या पाठीला तू हात लावला होतास का गं?"

"नाही, बाई."

"लावायला पायजे होतास. चरे तसेच हाईत." मग म्हणाल्या, "एवढं हुडकलं. आणि सापडल्यावर मी रिकाम्या हातानं आले बघ."

मी म्हणाले, "बऱ्या व्हा. पुन्हा जाऊ. सामान मी बांधते."

"तू बांधशील," त्या म्हणाल्या. "तुजं कदी काय राहत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

माहेरचं, सासरचं कुणी नव्हतं. मी आणि काकींच्या ओळखीच्या दोन बायका मिळून आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं. तिरडी अंगणात बांधून झाली होती. काकी आज उंबऱ्याच्या आत आल्या होत्या, भिंतीशी उभ्या होत्या. "चला, उचला," बाहेरून कुणीतरी म्हणालं.

"थांबा," मी म्हणाले. कोपऱ्यातली ट्रंक उघडली. खण तळाशी होता, हिरवा, घडीवर फाटत आलेला. करंडा होता. तांदूळ बाईंच्या डब्यातून घेतले. नारळ नव्हता.

"काकी, तुमच्याकडं नारळ आहे का?"

"हाय. कशाला?"

"द्या."

काकींनी आणून दिला. मी तांदूळ ओंजळीनं बाईंच्या पदरात घालायला लागले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"अगं, हे काय करतीस? रंडक्या बाईची वटी भरत्यात व्हय कुणी?" दुसऱ्या दोघी मागं सरकल्या.

"ओटी नाही, काकी. मोठ्या बाई निघाल्यात. त्यांचं सामान मीच बांधते. दरवर्षी बांधते."

मी खण ठेवला, वर नारळ ठेवला. कुंकवाचा करंडा उघडला नाही. बंदच त्यांच्या उजव्या हाताखाली सरकवला. उघडायचा की नाही ते त्यांनी तिथं गेल्यावर ठरवावं. मग पदराची गाठ मारायला घेतली.

"थांब," काकी म्हणाल्या. त्या आपल्या घरात गेल्या. मला वाटलं आता घरातल्या पुरुषांना बोलावतील. त्या परत आल्या तेव्हा मूठ झाकलेली होती. बाईंच्या शेजारी त्या खाली बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना मी बाईंच्या इतक्या जवळ बसलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी मूठ पदरात रिकामी केली.

"हळकुंड-सुपारी राहिली होती की गं," त्या म्हणाल्या. "अशी कशी धाडत होतीस त्यास्नी?"

आणि गाठ त्यांनीच मारली.